वेगाचा दंड व चुकलेली तारीख

शेतकीच्या मासिकांत मोटारींच्या दंडाचा विषय कशास, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. खतें, बी-बियाणें, पाणी व बाजारभाव हे आमचे नित्याचे विषय. परंतु शेतकऱ्याचा माल शेतांत पिकतो आणि त्याचे पैसे बाजारांत होतात. आणि शेत व बाजार यांच्यामध्यें जो रस्ता आहे, त्या रस्त्यावर बैलगाडीची जागा आतां पिकअप, टेंपो व जीप यांनीं घेतली आहे. ज्याच्या दारांत गाडी आहे, त्याच्या घरीं सात-बाराचा उतारा, सोसायटीच्या कर्जाची पावती व विजेचें बिल यांच्या जोडीस गाडीच्या नांवानें निघालेले सरकारी कागदही येऊं लागले आहेत. पहिल्या तिहींची आपण काळजी घेतों. चौथ्याकडे मात्र दुर्लक्ष करितों. या दुर्लक्षाचा परिणाम काय होतो, हें आम्हीं नुकतेंच जवळून पाहिलें. म्हणून हा लेख.

आमच्या मंडळाचे एक जुने सभासद आहेत. अकरा एकरांची बागाईत, तींत सात एकर द्राक्षें; आणि व्यवहारांत इतके चोख कीं, सोसायटीचा हप्ता त्यांनीं कधीं एक दिवसही लांबविला नाहीं. अशा गृहस्थांच्या अंगणांत गेल्या हंगामांत, ऐन तोडणीच्या दिवशीं, सकाळीं आठाच्या सुमारास पोलीस शिपाई येऊन उभा राहिला. त्याच्या हातांत कोर्टाचें जामीनपात्र वॉरंट होतें. बागेंत पंचवीस मजूर कात्र्या घेऊन उभे, व्यापाऱ्याची गाडी बांधावर लागलेली, आणि बागेचा मालक मात्र जामीन व मुचलका देण्यासाठीं पोलीस ठाण्याकडे चाललेला, असा तो प्रसंग होता. त्यांच्या वृद्ध मातोश्रींनीं तर, लेकानें कोणाच्या जिवाचें बरेंवाईट केलें कीं काय, अशा समजुतीनें आकांत मांडला. चौकशी करितां सर्व प्रकरणाचें मूळ दोन हजार रुपयांच्या एका चलानांत निघालें.

सुमारें वर्षभरापूर्वीं त्यांची पिकअप गाडी मुंबईच्या बाजारांत टोमॅटो उतरवून रात्रीं रिकामी परतत होती. गाडीवर पगारी ड्रायव्हर होता. हमरस्त्यावरील एका गांवाच्या फाट्यापाशीं वेगाची मर्यादा कमी केल्याचा फलक होता. तो ड्रायव्हरनें पाहिला नाहीं, अथवा पाहून सोडून दिला. तेथील यंत्रानें गाडीचा वेग मोजला व नंबराच्या पाटीचें छायाचित्र घेतलें. चलानाचा निरोप मोबाइलवर गेला. पण गाडीच्या नोंदणीस दिलेला मोबाइल नंबर पुण्यास नोकरीस असलेल्या मुलाचा होता. 'बाबांना कळलें असेल, ते भरतील', असें समजून तो गप्प बसला. पुढें दुसरा निरोप आला, तो लबाडीचा असेल म्हणून त्यानें पुसून टाकला. त्यानंतर कोर्टाचें समन्स घरीं आलें, तें भिंतीवरील घड्याळामागें खोंचलें गेलें. तारीख आली त्या दिवशीं बागेंत औषध मारावयाचें होतें. 'दोन हजारांचा तर दंड, पुढच्या खेपेस भरूं', असें म्हणून आमचे मित्र कोर्टांत गेले नाहींत. पुढची खेप वॉरंटाच्या रूपानें दारीं आली.

या हकीकतींत चुकीचे टप्पे चार आहेत: पहिला निरोप, दुसरा निरोप, समन्स व तारीख. पहिल्या तीन टप्प्यांवर उपाय सोपा व स्वस्त होता. चौथा टप्पा ओलांडल्यावर मात्र प्रश्न पैशाचा राहिला नाहीं. आमच्या वाचकांनीं एवढें एकच वाक्य ध्यानांत ठेवलें तरी या लेखाचें काम झालें, असें आम्ही समजूं: दंड हें देणें आहे, पण तारीख ही आज्ञा आहे. देणें थकलें तर तें उशिरानें फेडतां येतें. आज्ञा मोडली तर तिचा जाब स्वतः उभें राहून द्यावा लागतो.

वेगाचा कायदा

आपल्या देशांत मोटारींचा कायदा प्रथम १९१४ सालीं झाला, नंतर १९३९ सालीं नवा आला, आणि हल्लीं चालू असलेला १९८८ सालीं होऊन १ जुलै १९८९ पासून अंमलांत आला. त्याच्या ११२ व्या कलमानें ठरविलेल्या मर्यादेबाहेर गाडी हांकण्यास मनाई केली आहे, व तिची शिक्षा १८३ व्या कलमांत सांगितली आहे. २०१९ सालच्या दुरुस्तीनें ही शिक्षा वाढली. हलक्या गाडीस कमींत कमी १,००० व जास्तींत जास्त २,००० रुपये, आणि मध्यम व जड मालवाहू किंवा उतारू गाडीस २,००० ते ४,००० रुपये दंड, असें तें प्रमाण आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी हलकी समजली जाते. तेव्हां आपल्या बहुतेक पिकअप गाड्या पहिल्या वर्गांत पडतात. हाच गुन्हा दुसऱ्यांदा घडल्यास गाडी हांकणाराचा परवाना अडकवून ठेवण्याची तरतूद आहे. आणि ज्याचें पोट त्या परवान्यावर आहे त्यास ही शिक्षा दंडाहून जड वाटते.

या कलमाचे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. गुन्हा केवळ हांकणाराचा नाहीं. आपल्या पगारी अथवा ताब्यांतील माणसाकडून मर्यादेबाहेर गाडी हांकविणारा मालकही त्याच कलमाखालीं येतो. 'चारापूर्वीं गाडी फळीवर लागली पाहिजे, मग कशी का नेईनास', असें ड्रायव्हरला बजावणाऱ्या मालकानें हें विसरूं नये.

मर्यादा किती? केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेंत मालवाहू गाड्यांसाठीं द्रुतगति मार्गावर व दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशीं ८० किलोमीटर, आणि शहरी हद्दींतील व इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर, असे वरच्या टोकाचे आंकडे दिले होते. परंतु घाट, गांव, शाळा व वळण पाहून स्थानिक अधिकारी याहून कमी आंकडा ठरवूं शकतात. म्हणून तोंडपाठ आंकड्यावर न जातां रस्त्यावरील फलक वाचावा. ज्या फलकानें आमच्या मित्रांची गाडी पकडली, तशाच फलकासाठीं त्यांनीं स्वतः आपल्या गांवच्या फाट्यावर दोन वर्षांपूर्वीं ग्रामपंचायतीच्या अर्जावर सही केली होती. आपल्या गांवीं शाळेचीं मुलें व पाण्यावर जाणारीं गुरें रस्ता ओलांडतात, तशीं तीं दुसऱ्याच्या गांवींही ओलांडतात. हें त्या दिवशीं आपल्या ध्यानांत आलें, असें ते स्वतःच आम्हांस म्हणाले.

आणि वेगानें मिळतें तरी काय, याचा हिशोब एकदां मांडून पाहावा. रस्ता पूर्ण मोकळा आहे असें धरलें, तर १२० किलोमीटरांचें अंतर ताशीं ६० च्या वेगानें दोन तासांत व ८० च्या वेगानें दीड तासांत तुटतें. म्हणजे लाभ फार तर अर्ध्या तासाचा. आणि वाटेंत गांवें, नाके व वळणें असल्यामुळें तोही पुरता पदरांत पडत नाहीं. उलट ६० च्या वेगांत गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते, ८० च्या वेगांत २२ मीटर. आणि ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें तें सुमारें पावणेदोनपट होतें. अंधारांत दिव्याशिवाय चाललेली उसाची गाडी समोर आली, तर या जास्त लागणाऱ्या अंतरांत माणसें मरतात. दंडाचा कायदा त्या अंतरासाठीं आहे, सरकारच्या तिजोरीसाठीं नव्हे, असें आम्हांस वाटतें.

चलान आल्यावर काय करावें

पूर्वीं शिपायानें गाडी थांबविली तरच दंड होई. आतां तशी गोष्ट राहिलेली नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत १३६-अ हें कलम घालून यंत्रांच्या साह्यानें रस्त्यावर देखरेख ठेवण्याची सोय केली, व २०२१ सालीं केंद्रीय नियमांत १६७-अ हा नियम घालून तिची पद्धत ठरविली. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर २०२४ सालापासून अशा कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा चालू झाली. नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं पुरता खुला झाल्यापासून तर विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याचीही गाडी थेट मोठ्या वेगाच्या रस्त्याला लागली आहे. गाडी कोणी थांबविली नाहीं म्हणून दंड झाला नाहीं, असें समजणें आतां भाबडेपणाचें होय.

२०२१ च्या नियमानें, यंत्रानें टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी, यंत्र प्रमाणित असावें, व तें जेथें लावलें असेल तेथें आगाऊ सूचनेचा फलक असावा, असें ठरविलें. मुदतीचे असे आंकडे सरकार वेळोवेळीं बदलतें. म्हणून आपल्या हातीं आलेल्या नोटिशीवर जी तारीख असेल तीच आपली मुदत मानावी, शेजाऱ्यास मिळालेली मुदत आपली मानूं नये.

नोटीस हातीं येतांच पुढील गोष्टी पडताळून पाहाव्या: गाडीचा नंबर आपलाच आहे काय, छायाचित्रांतील गाडी आपल्याच जातीची व रंगाची आहे काय, दिवस, वेळ व ठिकाण आपल्या गाडीच्या फेरीशीं जुळतें काय, आणि मोजलेला वेग व ठरलेली मर्यादा हे दोन्ही आंकडे नोटिशींत आहेत काय. मोटारसायकलीस होणारा दंड ट्रॅक्टरच्या नांवें आला, अथवा आपल्या नंबराची खोटी पाटी लावून दुसराच कोणी हिंडला, अशीं प्रकरणें घडतात. अशा वेळीं त्या दिवशींची बाजार समितीची पट्टी, टोलची पावती अथवा गाडी दुरुस्तीस होती त्या कारखान्याचें बिल जोडून लगेच तक्रार नोंदवावी, व तिची पोंच जपून ठेवावी. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर व त्यांच्या मोबाइल ॲपवर अशी तक्रार करितां येते; तें न जमल्यास वाहतूक पोलिसांच्या कचेरींत लेखी अर्ज द्यावा. तक्रार न करतां केवळ रागानें पैसे न भरणें, ही तक्रार होत नाहीं.

चूक आपलीच असेल, तर कायद्याच्या २०० व्या कलमाप्रमाणें ठरलेली रक्कम भरून तडजोड करितां येते. ही तडजोड खटला होण्यापूर्वीं करितां येते व खटला दाखल झाल्यावरही करितां येते; आणि एकदां झाली म्हणजे त्या गुन्ह्याबद्दल पुढें कांहीं कारवाई चालत नाहीं. महाराष्ट्रांत तडजोडीचे वाढलेले दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. पैसे भरल्यावर पावती घ्यावी आणि आठ दिवसांनीं संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून चलान निकालांत निघालें कीं नाहीं, हें पाहावें. पैसे गेले पण नोंद तशीच राहिली, असें झाल्यास पावती हाच आपला साक्षीदार असतो.

समन्स व वॉरंट

रक्कम भरली नाहीं व तक्रारही केली नाहीं, म्हणजे प्रकरण न्यायालयाकडे जाऊं शकतें. येथें भिण्याचें कारण नाहीं. पण कागद वाचण्याचें कारण आहे. मोटार कायद्याचें २०८ वें कलम साध्या गुन्ह्यांच्या बाबतींत मोठें सोयीचें आहे. ज्या गुन्ह्यास केवळ दंडाची शिक्षा आहे, त्याच्या समन्सावरच न्यायालयानें असें नमूद करावयाचें असतें कीं, आरोपीनें ठरल्या दिवशीं स्वतः किंवा वकिलामार्फत हजर व्हावें. अथवा त्या तारखेपूर्वीं गुन्हा कबूल करून न्यायालयानें सांगितलेली रक्कम मनीऑर्डरनें पाठवावी, व कबुली मनीऑर्डरच्या कुपनावरच लिहावी. अशी रक्कम वेळेंत पोंचली म्हणजे त्या गुन्ह्याचें काम संपतें, आणि केवळ त्या कबुलीमुळें परवान्यावरही गदा येत नाहीं. म्हणजे कोर्टाची पायरीही न चढतां प्रकरण मिटविण्याची वाट कायद्यानेंच ठेवलेली आहे. याच कल्पनेवर उभारलेलीं आभासी न्यायालयें आतां निघालीं आहेत. महाराष्ट्रांत वाहतुकीच्या चलानांसाठीं अशा न्यायालयाचें उद्घाटन ३१ ऑक्टोबर २०२० रोजीं नागपूर येथें झालें. तेथें प्रकरण गेल्यास घरबसल्या कबुली देऊन पैसे भरतां येतात, किंवा गुन्हा नाकबूल करून प्रकरण नेहमींच्या न्यायालयांत चालविण्याची मागणी करितां येते.

ज्यास गुन्हा नाकबूल आहे त्यानें तारखेस हजर राहिलेंच पाहिजे. पेरणी, तोडणी, लग्नकार्य अथवा आजार यांमुळें जाणें अशक्य असेल, तर तारखेच्या आधीं वकिलामार्फत हजेरीच्या माफीचा अर्ज द्यावा व कारण लिहावें. न्यायाधीशही माणूस असतो. आगाऊ सांगितलेल्या अडचणीचा तो विचार करितो. न सांगतां गैरहजर राहणाराविषयीं मात्र कागदावर 'गैरहजर' एवढाच शब्द पडतो, आणि त्या शब्दांतून वॉरंट निघतें.

वॉरंटाविषयीं एक गैरसमज सर्वत्र आहे. 'चार महिने कोणी आलें नाहीं, म्हणजे तें जुनें होऊन मेलें', असें लोक म्हणतात. वस्तुस्थिति उलट आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत, व तिच्यापूर्वींच्या फौजदारी कार्यसंहितेंतही, स्पष्ट सांगितलें आहे कीं, वॉरंट ज्या न्यायालयानें काढलें त्यानें तें रद्द करीपर्यंत किंवा तें बजावलें जाईपर्यंत चालू राहतें. तें जिराईत रानांतल्या हरळीसारखें आहे: वरून सुकलेलें दिसतें, पण मूळ जागच्या जागीं असतें, व नेमकें नको त्या वेळीं वर येतें.

अशा वेळीं करावयाची गोष्ट एकच. आणि ती म्हणजे आपण होऊन न्यायालयापुढें जाणें. वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा, गैरहजेरीचें खरें कारण लिहावें, व पुढील तारखांस हजर राहण्याचा मुचलका द्यावा. खोटें आजारपण दाखवूं नये. एक चूक झांकण्यासाठीं दुसरा गुन्हा करण्यांत शहाणपण नाहीं. ज्यांस वकिलाची फी झेपत नाहीं, त्यांनीं तालुक्याच्या न्यायालयांतील विधि सेवा समितीकडे चौकशी करावी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व ठराविक मर्यादेखालीं उत्पन्न असणारे यांस मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें दिलेला आहे.

आमच्या मित्रांबरोबर त्या दिवशीं आम्हीही न्यायालयांत गेलों होतों. अकराच्या सुमारास पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनीं कागद पाहून विचारलें, "तारखेची माहिती होती काय?" आमचे मित्र म्हणाले, "होती, साहेब. चूक माझी आहे." साहेबांनीं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलें व समन्साची प्रत पुढें करून म्हटलें, "हें मागें काय लिहिलें आहे तें वाचलें असतें, तर तुम्हांला येथें यावेंच लागलें नसतें." वॉरंट रद्द झालें, कबुली लिहून घेतली गेली, व दोन हजारांचा दंड होऊन पंधरा मिनिटांत प्रकरण संपलें. जें पंधरा मिनिटांत संपलें, त्याची धास्ती त्या घरानें आठ दिवस भोगली होती.

घरीं आल्यावर त्यांनीं आपल्या वहींत जमाखर्च मांडला, तो आम्ही त्यांच्या संमतीनें देतों. दंड २,००० रुपये; वकिलाची फी ३,०००; दोन खेपांचें डिझेल व जेवण १,१००; आणि मालक नसतांना वजन करण्यास व्यापाऱ्यानें नकार दिल्यामुळें पंचवीस मजुरांची अर्ध्या दिवसाची फुकट गेलेली मजुरी ६,२५०. एकूण १२,३५०, म्हणजे मूळ दंडाच्या सहापटीहून अधिक. दुसऱ्या दिवशीं व्यापाऱ्यानें भाव उतरविला, तो तोटा निराळा. व मातोश्रींच्या डोळ्यांतील पाण्याचा आंकडा तर वहींत घालतांच येत नाहीं.

सहा महिन्यांची आशा व लोकअदालत

कांहीं हुशार मंडळी सांगतात कीं, सहा महिने गप्प बसलें म्हणजे चलान आपोआप बुडतें. यांत अर्धें सत्य आहे. आणि अर्धें सत्य हें शेतकऱ्यास पुऱ्या असत्यापेक्षां महाग पडतें. ज्या गुन्ह्यास केवळ दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयानें सहा महिन्यांनंतर घेऊं नये, असा मुदतीचा नियम नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१४ व्या कलमांत आहे, हें खरें. परंतु हा नियम न्यायालयानें दखल घेण्याविषयीं आहे. मुदतींत दखल घेतली गेली असेल, तर समन्स पुढें केव्हांही येऊं शकतें. आणि उशिराचें समाधानकारक कारण असल्यास, किंवा न्यायाच्या दृष्टीनें तसें करणें जरूर असल्यास, उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायालयास आहे. मुदतीचा मुद्दा वकिलानें न्यायालयांत मांडावयाचा असतो. घरीं बसून आपला आपण तो मंजूर करून घ्यावयाचा नसतो. शिवाय नोंदणीच्या संगणकीय दप्तरीं थकलेल्या चलानाची खूण पडली, तर गाडी विकतांना किंवा नांवावर करितांना तीच खूण आडवी येऊं शकते.

थकलेलीं चलानें पुष्कळ झालीं असतील, तर लोकअदालत हा चांगला मार्ग आहे. वर्षांतून अनेक वेळां भरणाऱ्या राष्ट्रीय लोकअदालतींत न्यायालयांत दाखल झालेलीं व दाखल होण्यापूर्वींचीं, अशीं दोन्ही प्रकारचीं प्रकरणें ठेवलीं जातात. तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो व त्यावर अपील चालत नाहीं. त्यामुळें प्रकरण कायमचें मिटतें. मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. तडजोडीस अपात्र असलेले गुन्हे, उदाहरणार्थ दारू पिऊन गाडी हांकणें, तेथें मिटत नाहींत. दुसरी गोष्ट, लोकअदालतींत रक्कम कमी होईल या आशेनें न्यायालयाची तारीख चुकवूं नये. लोकअदालत पुढच्या महिन्यांत असली, तरी आजची तारीख आजच पाळावयाची असते.

गाडी विकली तरी

जुनी गाडी विकतांना आपले लोक पैसे मोजून घेतात, चावी देतात व 'नांवावर करून घ्या बरें का', असें सांगून मोकळे होतात. कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें त्याच राज्यांत गाडी विकणारानें चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचें असतें, व घेणारानें तीस दिवसांत. दप्तरीं नांव बदलेपर्यंत चलान, समन्स व वॉरंट हीं जुन्या मालकाचेंच घर शोधीत येतात. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यांत, दप्तरीं ज्याचें नांव तोच मालक, असें स्पष्ट सांगितलें. तेव्हां विक्रीच्या दिवशींच २९ व ३० नंबरच्या फॉर्मांवर सह्या करून, आपण दिलेल्या कागदाची पोंच घ्यावी.

ड्रायव्हरच्या बाबतींतही असेंच. गुन्ह्याच्या वेळीं गाडी कोण हांकीत होता, त्याचें नांव, पत्ता व परवान्याची माहिती अधिकाऱ्यानें मागितल्यास देणें हें १३३ व्या कलमानें मालकाचें कर्तव्य आहे. ज्या मालकापाशीं फेऱ्यांची वही नाहीं, त्यास वर्षापूर्वींच्या रात्रीं गाडीवर कोण होतें, हें कसें आठवावें? आणि दंड परस्पर गरीब ड्रायव्हरच्या पगारांतून कापणारानें, घाई कोणी केली होती, हाही प्रश्न स्वतःस विचारावा.

खोटे निरोप

आमच्या मित्रांच्या मुलानें दुसरा निरोप लबाडीचा समजून पुसला, यांत त्याचा सर्वस्वी दोष नाहीं. चलानाच्या नांवानें खोटे निरोप पाठवून बँकेंतील पैसे काढून घेणारे भामटे खरोखरच आहेत. ते निरोपाबरोबर एखादी फाइल पाठवितात व ती उघडण्यास सांगतात. अशी फाइल कधींही उघडूं नये, व निरोपांतील दुव्यावरून पैसे भरूं नयेत. पण निरोप पुसून टाकणें हाही उपाय नव्हे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' या अक्षरांनीं संपतो; तो आपण स्वतः टाकावा, गाडीचा नंबर घालावा, व चलान खरें आहे कीं नाहीं तें पाहावें. कोणी फसलाच, तर विलंब न लावतां १९३० या नंबरावर कळवावें.

घरांतील व्यवस्था

शेवटीं, आम्ही आमच्या सभासदांस एक साधी व्यवस्था सुचवितों. गाडीच्या नोंदणीस जो माणूस घरीं असतो त्याचाच मोबाइल नंबर लावावा, आणि घर बदलल्यास पत्ताही बदलावा. प्रत्येक गाडीची एक वही ठेवून तींत फेरीची तारीख, ठिकाण व हांकणाराचें नांव लिहावें. महिन्यांतून एकदां, अमावास्येस किंवा पगाराच्या दिवशीं, गाडीच्या नंबरावर चलान आहे काय, हें घरांतील शिकल्या मुलानें अथवा मुलीनें पाहावें. कोर्टाचा कागद आला तर तो घड्याळामागें न ठेवतां, त्यावरील तारीख घरच्या पंचांगावर तांबड्या शाईनें लिहावी. जेथें पेरणीचें नक्षत्र व पाण्याची पाळी लिहिली जाते, तेथेंच न्यायालयाची तारीखही शोभते.

शेतकरी हा मुदतीचें महत्त्व कोणी शिकवावें असा माणूस नव्हे. वाफसा गेल्यावर पेरलेलें उगवत नाहीं, व डाग दिसल्यावर मारलेलें औषध उशिराचें असतें, हें तो बापजाद्यांपासून जाणतो. जी शिस्त आपण पावसाशीं पाळतों, तीच सरकारी कागदाशीं पाळावी, एवढीच आमची विनंति आहे. हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं एकदां उठून घड्याळामागें, देव्हाऱ्याखालीं व ट्रंकेंत पाहावें. एखादा न उघडलेला लखोटा सांपडला, तर तो आजच उघडावा. उद्यां तोडणी आहे, ही सबब आमच्या मित्रांचीही होती.